परिक्रमेत टिकलेले आणि घरात बुडालेले फोटो: अंबाझरीतलं एक प्रकरण

हे कुटुंब नागपूरच्या अंबाझरी भागातलं. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि माणसांना नुसतं काका, काकू, ताई म्हटलं आहे. मी पूर्वी बर्डीवर फिल्म धुण्याची लॅब चालवायचो. रोल संपले तशी लॅबही संपली. आता जुन्या निगेटिव्ह स्कॅन करणं, मेमरी कार्डातून उडालेले फोटो परत काढणं अशी कामं करतो. काका रोलच्या काळापासूनचं गिऱ्हाईक. या प्रकरणात त्यांनी मला दोनदा विचारलं. पहिल्यांदा निघण्याआधी, दुसऱ्यांदा घरातलं पाणी ओसरल्यावर.

पार्श्वभूमी

काका सरकारी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. पहिला डिजिटल कॅमेरा त्यांनी २००४ मध्ये घेतला. २०२२ पर्यंत अडतीस हजारांच्या आसपास फोटो साठले होते, सुमारे ३०० जीबी. ते सगळे एका बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर होते, आणि तशीच दुसरी डिस्क 'बॅकअप' म्हणून ठेवलेली. दोन्ही डिस्का एकाच कपाटात, एकाच कप्प्यात, एकीवर एक. "दोन-दोन प्रती आहेत माझ्याकडे," असं ते अभिमानानं सांगत. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर जातात, अशीही त्यांची समजूत होती.

२०२२ च्या चातुर्मासानंतर त्यांनी पायी नर्मदा परिक्रमा उचलायचं ठरवलं. सोबत एक जुने सहकारी. काकू घरीच राहणार होत्या. ओंकारेश्वराहून दक्षिण तटानं निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, मध्ये कुठेही पात्र ओलांडायचं नाही, आणि समुद्रसंगमाशी होडीनं उत्तर तटावर जायचं. चार-साडेचार महिन्यांचा बेत होता.

प्रवासाचा प्रश्न

काका दुकानात आले ते एकच प्रश्न घेऊन. "फोटो रोज कुठं उतरवू? पाठीवर जास्त वजन नाही चालत बाप्पा."

पायी परिक्रमावासीयाची अडचण मोटारीनं फिरणाऱ्यापेक्षा वेगळी असते. प्रत्येक पावकिलो खांद्याला कळतो. मुक्काम आश्रमात, धर्मशाळेत, कधी कुणाच्या पडवीत. विजेचा एक पॉइंट आणि त्याभोवती दहा फोन. शूलपाणीच्या झाडीत तर दिवसचे दिवस रेंज नाही. त्यामुळे लॅपटॉप आणि क्लाउड हे दोन्ही पर्याय पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाले.

काकांना एकच २५६ जीबीचं मोठं कार्ड घ्यायचं होतं. मला ते पटलं नाही. कार्ड हरवलं, वाकलं, वाचेनासं झालं तर सगळी परिक्रमा एका झटक्यात जाणार. आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्यांच्या छोट्या कॅमेऱ्याचा जेपेग साधारण ९ एमबीचा. रोज साठ फोटो धरले तर अर्ध्या जीबीच्या थोडं वर. एकशे पस्तीस दिवसांचे सत्तर-पंचाहत्तर जीबी. म्हणजे ३२ जीबीची तीन कार्डं पुरतात. आम्ही पाच घेतली.

ठरलं ते असं. कार्डावरचं काहीही वाटेत पुसायचं नाही. रोज संध्याकाळी ओटीजी रीडरनं, म्हणजे कार्ड फोनला जोडणाऱ्या छोट्या साधनानं, कार्ड फोनला लावायचं आणि त्या दिवसाचे फोटो आधी फोनमध्ये, मग काडेपेटीएवढ्या एसएसडीवर (फिरणारी तबकडी नसलेली छोटी डिस्क) उतरवायचे. एसएसडीवरचे पहिले, शेवटचे आणि मधले चार-पाच फोटो उघडून बघायचे. उतरवलेल्या फाइलींची संख्या बरोबर दिसली तरी एखादी फाइल अर्धीच गेलेली असू शकते, ते उघडल्यावरच कळतं. कार्ड भरलं, किंवा पुढचा टप्पा अवघड दिसला, की त्या कार्डाच्या कडेची खिट्टी 'लॉक'वर सरकवून ते स्पीड पोस्टनं घरी पाठवायचं.

निघायच्या आदल्या दिवशी एक गोष्ट दुकानातच सापडली म्हणून बरं. एसएसडी त्यांच्या घरच्या संगणकावर एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. काकांचा अँड्रॉइड फोन ती वाचत होता, पण तिच्यावर लिहीत नव्हता. आम्ही ती दोन्हीकडे चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीत फॉरमॅट केली आणि तिथेच दोनशे फोटो उतरवून पाहिले. ओंकारेश्वरच्या घाटावर हे कळलं असतं तर सगळी योजना पहिल्याच दिवशी गळाली असती.

वाटेत काय झालं

४ नोव्हेंबर २०२२ ची प्रबोधिनी एकादशी झाल्यावर ते निघाले. बडवानीला पोहोचले तेव्हा पहिलं कार्ड पाव भागही भरलं नव्हतं. पुढे झाडी. कार्ड वापरत राहावं की पाठवून द्यावं? काकांनी मला फोन केला. मी म्हटलं, पाठवा. जवळजवळ रिकाम्या कार्डाची किंमत काही शे रुपये, त्यातले फोटो पुन्हा मिळायचे नाहीत. दुसरं कार्ड त्यांनी अंकलेश्वरहून टाकलं, होडीत बसायच्या आधी.

विमलेश्वराहून समोरच्या मिठी तलाईकडे होडी भरतीच्या वेळेवर सुटते आणि तो प्रवास काही तासांचा असतो. दाटीवाटीनं बसलेली माणसं, खारं पाणी, वारा. एसएसडी आणि उरलेली कार्डं दुहेरी झिप पिशवीत, बंडीच्या आतल्या खिशात होती. फोन मात्र हातात होता, कारण फोटो काढायचे होते. तो भिजला आणि बंद पडला. भरुचला नवा घ्यावा लागला.

कॅमेऱ्याचे फोटो सगळे शाबूत होते. पण खुद्द फोननं काढलेले फोटो गेले. आमच्या रोजच्या रिवाजात कॅमेऱ्याचं कार्ड होतं, खुद्द फोनचे फोटो एसएसडीवर उतरवायचे हे मी सांगितलंच नव्हतं. काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले तेवढे राहिले, तेही आक्रसलेले. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि आतली तारीख-वेळेची नोंद काढून टाकतं. मूळ फोटो जायला हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो.

इथे एक इशारा मिळाला होता. तो आम्ही दोघांनीही वाचला नाही. फोनचे फोटो आपोआप क्लाउडवर जात असतील तर निदान रेंज आलेल्या दिवसांचे तरी तिथे सापडायला हवे होते. नव्या फोनवर खातं उघडलं तर त्यात २०२१ च्या नोव्हेंबरनंतरचं काहीच नव्हतं. काका म्हणाले, "रेंज नसेल." मीही हो म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. गूगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आणि त्यानंतरचे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. त्या १५ जीबीत ईमेलही येतं. काकांचं खातं भरून वर्ष उलटलं होतं. सूचना येत होत्या, पण त्या जाहिरातींच्या ढिगात न उघडता पडून होत्या.

कॅमेऱ्याच्या घड्याळाचं एक छोटं प्रकरण झालं. बॅटरी पूर्ण उतरली आणि तारीख मूळ जागी गेली, त्यामुळे अकरा दिवसांचे फोटो भलत्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून सुरू झाले. त्याच काळात फोननं काढलेल्या एका आरतीच्या फोटोवरून फरक काढला आणि सगळ्या फाइलींच्या तारखा एकदम पुढे सरकवल्या. अर्ध्या तासाचं काम.

परत आल्यावर

मार्चअखेर परिक्रमा पूर्ण झाली. काकांनी सगळे फोटो मुख्य हार्ड डिस्कवर उतरवले. एसएसडी मोकळी करून ताईला दिली, तिला पुण्यात कामासाठी हवी होती. कार्डंही मोकळी करायची होती, पण काकूंनी ती दिली नाहीत. पोस्टानं आलेली आणि काकांनी परत आणलेली अशी पाचही कार्डं त्यांनी नर्मदाजलाच्या कुपीशेजारी, एका पितळी डबीत, देवघरात ठेवली होती. "मैयाचं आहे ते. त्याला हात नाही लावायचा."

चार महिने ज्या माणसानं रोज संध्याकाळी दोन ठिकाणी फोटो उतरवले, त्यानं घरी आल्यावर दुसरी डिस्क कपाटातून बाहेरही काढली नाही. थकवा, पाहुणे, सत्कार, मग उन्हाळा. मीही विचारलं नाही.

२३ सप्टेंबर २०२३

त्या वर्षी महालक्ष्म्या २१ सप्टेंबरला बसल्या. ताई पुण्याहून आली होती. पुढच्या खोलीत मखर, म्हणून संगणकाचं टेबल मागे सरकवलं. कपाटाचा कप्पा मुखवटे आणि साड्यांसाठी रिकामा केला. त्यातल्या दोन्ही हार्ड डिस्का एका खोक्यात घालून दिवाणाखाली गेल्या. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

२२ तारखेला पूजन आणि महाप्रसाद झाला. त्या रात्री पाऊस सुरू झाला आणि पहाटेपर्यंत चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं. काकांच्या तळमजल्यावरच्या घरात ते कमरेएवढं चढलं. माणसं गच्चीवर गेली, ती सुखरूप राहिली. दिवाण तरंगला. ओट्याच्या वर भिंतीत असलेल्या देवघराला पाणी लागलं नाही.

पहिले दोन दिवस

माझ्यापर्यंत निरोप पोहोचला तेव्हा २४ तारीख उजाडली होती आणि एक चूक होऊन गेली होती. शेजारच्या मुलानं चांगल्या भावनेनं मुख्य डिस्क नळाखाली धुतली, हेअर ड्रायरनं वाळवली आणि लॅपटॉपला लावली. टक, टक, टक असा आवाज आला आणि ती गप्प झाली. हार्ड डिस्कच्या बहुतेक मॉडेलांना हवेचा दाब सांभाळायला एक बारीक छिद्र असतं. तिथून गढूळ पाणी आत जातं. ते वाळलं की गाळाचा थर तबकडीवर बसतो आणि डिस्क फिरू लागली की वाचणारा हेड त्या गाळावरून घासत जातो. डिस्क पाण्यात होती तोवर माहिती बहुतेक शाबूत होती. ती विजेनं नेली.

दुसऱ्या डिस्कबद्दल मी फोनवरच सांगितलं, तिला हात लावू नका, वाळवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून झिप पिशवीत ठेवा. ताईनं विचारलं, "दादा, तांदळात ठेवू का?" तांदळाचा इथे काही उपयोग नाही, उलट पीठ आत जातं.

मग माझ्या जुन्या धंद्याचं काम निघालं. अल्बम आणि निगेटिव्ह. ओल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटून वाळल्या तर त्यांच्यावरचा जिलेटिनचा थर सोलून निघतो. म्हणून त्या वाळू न देता थंड स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवल्या, दुकानात आणून ट्रेमध्ये पुन्हा धुतल्या आणि दोरीवर चिमट्यांनी टांगल्या. रंगीत प्रिंट सुट्या होत्या त्या वाचल्या. चिकट पानांच्या अल्बममधल्या बऱ्याच गेल्या. हे काम दीड-दोन दिवसांत उरकावं लागतं, नंतर बुरशी धरते. निगेटिव्ह मात्र जवळजवळ सगळ्या मिळाल्या, काका-काकूंच्या लग्नाच्या धरून.

पर्याय आणि निर्णय

दोन डिस्का, आणि प्रयोगशाळेचा खर्च पाच आकडी. काकांना आधी मुख्य डिस्क पाठवायची होती, कारण ताजं सगळं तिच्यावर. माझं मत उलट. जी फिरवली गेली तिच्यात आशा कमी, जी ओली आणि शांत आहे तिच्यात जास्त. पैसे आधी तिथे घालावेत. शहरात स्वस्तात डिस्क उघडून देणारेही होते. पण धूळमुक्त खोलीशिवाय डिस्क उघडली तर उरलीसुरली संधीही जाते, म्हणून तो पर्याय सोडला आणि डिस्क दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडे पाठवली.

काकांनी एक दिवस विचार केला, मग म्हणाले, "तू म्हणतोस तर दुसरी पाठव."

दुसऱ्या डिस्कवरचं जवळजवळ सगळं परत आलं. यादी उघडली आणि शेवटच्या फोल्डरचं नाव निघालं 'दिवाळी २०१९'. त्यानंतर ती डिस्क कधी जोडलीच नव्हती. दोन प्रती म्हणत होते त्यातली एक चार वर्षं जुनी होती. मुख्य डिस्कही नंतर पाठवली. तबकडीवर ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असं उत्तर आलं.

काय वाचलं, काय गेलं

परिक्रमेचे कॅमेऱ्याचे फोटो देवघरातल्या पाच कार्डांवरून पूर्ण मिळाले. नोव्हेंबर २०२१ पर्यंतचे फोनचे फोटो क्लाउडवर कमी दर्जात होते. भरुचला घेतलेल्या फोनमधले काकांच्या खिशातच होते. गेले ते दिवाळी २०१९ ते परिक्रमेपर्यंतचे कॅमेऱ्याचे फोटो, आणि नोव्हेंबर २०२१ नंतर जुन्या फोनवर काढलेले. त्यात नातवाचं बारसं होतं आणि त्याचा पहिला वाढदिवस. नातेवाइकांच्या फोनमधून काही गोळा केले, लहान आकाराचे, तारखांशिवाय. ते एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत आणि तारखा काकू आठवून सांगतात.

नवी मांडणी

छायाचित्रकारांमध्ये एक ठोकताळा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी तो रूढ केला. काकांच्या घरी तो असा बसवला. कामाची एक डिस्क संगणकाजवळ, पण आता माळ्याच्या उंचीवर. दुसरी पुण्याला ताईकडे. तिसरी प्रत पैसे भरून घेतलेल्या क्लाउडवर. पुण्याची डिस्क वर्षातून दोनदा येते, महालक्ष्म्यांना आणि उन्हाळ्यात, आणि नागपूरची तिच्या जागी जाते. एरवी ती कशालाही जोडलेली नसते, त्यामुळे संगणकात व्हायरस शिरला तरी ती सुरक्षित राहते.

क्लाउडबद्दल काकांचा एक गैरसमज काढावा लागला. फोनवरून फोटो 'डिलीट' केला की तो क्लाउडवरूनही जातो. नुसती फोनची जागा मोकळी करायची असेल तर 'फ्री अप स्पेस' वापरायचं. दोन्हीकडे सारखं दिसणारं ते जुळवणं, राखून ठेवलेली प्रत नव्हे.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढून यादी केली आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा म्हणा. एक बिट बदलला तरी अंगठा जुळत नाही. डिस्क बदलताना यादी पुन्हा ताडून पाहायची. संगणकावर हे ताडणं रात्री लावून झोपायचं, सकाळी निकाल.

पाच कार्डांचं काय, यावर मी काकूंशी वाद घातला. फ्लॅश मेमरीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात असते. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तो भार झिरपतो, उष्णतेत जास्त लवकर. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्यामुळे डबीतल्या कार्डांवर भरवसा ठेवू नका, म्हटलं. कार्डं अजून देवघरातच आहेत. फक्त आता ती एकमेव प्रत नाहीत.

शेवटची गोष्ट खात्याच्या वारसाची. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकता येतील, असं धोरण गूगलनं २०२३ मध्ये जाहीर केलं. काकांनी इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये ताईचं नाव घातलं आणि पासवर्ड कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला. हे बोलणं त्यांना आवडलं नाही. तरी केलं.

काय वेगळं करता आलं असतं

माझी चूक आधी. २०२२ मध्ये मी दीड तास प्रवासाची आखणी केली आणि घरची डिस्क कुठे आहे, शेवटची कधी जोडली, हे दोन प्रश्न विचारले नाहीत. विचारले असते तर दिवाळी २०१९ त्याच दिवशी समोर आली असती आणि दुसरी डिस्क ताईबरोबर पुण्याला गेली असती.

भरुचला क्लाउड रिकामा दिसला तेव्हा थांबायला हवं होतं. एक प्रत नाही हे कळणं म्हणजे बाकीच्या प्रती मोजायची वेळ. आम्ही रेंजला दोष देऊन पुढे गेलो.

एसएसडी रिकामी करून देण्याचा निर्णय मला तेव्हाही खटकला होता. साधन मोकळं करायचं ते दुसरी प्रत वेगळ्या घरात पोहोचल्यावर. आणि दिवाण. सणासुदीला घरातलं सामान हलतं, खाली जातं, वऱ्हांड्यात येतं. त्या दोन दिवसांत काय कुठे ठेवलं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पुराची कल्पना कुणालाच नव्हती, पण भिजणारी वस्तू जमिनीवर ठेवू नये एवढं तरी ठाऊक होतं.

शेजारच्या मुलाला मी कधी बोललो नाही. त्याच्या जागी बहुतेकांनी तेच केलं असतं.

या वर्षी महालक्ष्म्यांना ताई घाईत आली आणि पुण्याची डिस्क तिच्या टेबलावरच राहिली. "कुरिअरनं पाठवू का दादा?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, नको, पुढच्या वेळी हातातूनच आणा. तोवर नागपूरची डिस्क इथेच राहील. काकांनी तेवढ्यात क्लाउडवरची शेवटची तारीख तपासून मला कळवली. कालची होती.